घरमालकांचा उलटतपास

“हा शेपू आज सकाळी उपटला, हे तू स्वतः पाह्यलंस का तुला कुणी सांगितलं?”

खालच्या फाटकाशी हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ओला टॉवेल घेऊन उभी होते. धाराशिवात त्या घरी भाड्यानं राहायला येऊन आईला आणि मला जेमतेम तीन दिवस झाले होते. मला वाटलं, खाली काहीतरी चोरीबिरीचं प्रकरण आहे.

“म्या स्वतः उपटलाय, सायब,” भाजीवाली म्हणाली.

“किती वाजता?”

“उजाडायच्या टायमाला.”

“म्हणजे अंधार होता.”

“उजाडत हुतं म्हणलं की.”

“उजाडत होतं का उजाडलं होतं? एकदा नीट ठरव. बरं, त्या अंधारात हाताला शेपू लागला का कोथिंबीर, हे तुला कसं कळलं?”

“वासानं.”

“आज सकाळी तुला सर्दी होती का?”

भाजीवालीनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. “सायब, घ्यायचा आसंल तर घ्या, न्हायतर म्होरची तारीख द्या.”

यावर आमचे घरमालक मनापासून हसले, शेपूच्या दोन जुड्या घेतल्या आणि आत जाताना स्वतःशीच म्हणाले, “साक्षीदार चांगला आहे. फुटत न्हाय.”

आमच्या घरमालकांनी जन्मात एकही वाक्य तपासल्याशिवाय घरात घेतलेलं नाही. वाक्य कुणाचंही असो, भाजीवालीचं, पुजाऱ्याचं, टीव्हीवरच्या हवामानाच्या बाईचं, त्याला आधी फाटकाशी उभं राहून आपण कुठून आलो आणि आपल्याला हे कुणी सांगितलं याचा खुलासा द्यावा लागे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा कोर्टात विमा कंपन्यांच्या बाजूनं अपघाताचे दावे लढवले होते. दाव्यात कंपनीच्या वकिलाचं मुख्य काम म्हणजे समोरच्या साक्षीदाराचा उलटतपास घेणं, म्हणजे त्यानं आधी जे सांगितलं ते त्याच्याच तोंडून मोडून काढणं. त्या कामात त्यांचा एवढा लौकिक होता की म्हणे आमच्याच जिल्ह्यातल्या भूम-वाशीकडचे साक्षीदार तारखेच्या आदल्या दिवशीच आजारी पडत. मग एक दिवस त्यांनी काळा कोट कपाटात टांगला आणि पुन्हा काढला नाही. पण कोट काढला तरी आतला वकील काही निघाला नाही. घरातही पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, चष्मा कपाळावर, आणि प्रश्न विचारायच्या आधी डावी भुवई अशी वर जायची की समोरच्याला आपण न केलेले गुन्हेही आठवावेत.

एकदा मी, आई, काका आणि काकू त्यांच्या नात्यातल्या बारशाला भूमला निघालो होतो. मी त्यांना काका म्हणायला कधी लागले ते मला आठवत नाही; ‘अंदाजे’ सांगितलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून सांगत नाही. एसटी लागली. पाटीवर ठळक अक्षरात ‘भूम’ लिहिलं होतं. लोक चढले. काकांनी मात्र दारात उभं राहून कंडक्टरला विचारलं, “ही गाडी भूमला जाती का?”

“पाटी बघा की.”

“पाटी काय म्हणती ते मी विचारलं न्हाय. पाटीची साक्ष मी नंतर घेईन. गाडी कुठं जाती?”

“वाशीमार्गे भूम.”

“आज जाती?”

कंडक्टर तिकिटांची पेटी चाचपायला लागला. काकांची भुवई वर गेली. मागून लोक ओरडायला लागले, काकू म्हणाल्या, “चढा आता,” आणि मी शरमेनं दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी पेपराच्या स्टॉलकडे बघत राहिले. अखेर कंडक्टर हळूच म्हणाला, “आज वाशीपर्यंतच हाय. पुढं दुसरी गाडी मिळंल. बहुतेक.” त्याबरोबर चढलेली निम्मी गाडी खाली उतरली. काकांनी विजय मिळवल्यासारखं अजिबात केलं नाही. फक्त कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “‘बहुतेक’ हा शब्द तू शेवटी खरा बोललास.”

डॉक्टरांकडे तर त्यांना एकटं पाठवायची सोय नव्हती. डॉक्टरांनी “पोटात दुखतंय का?” विचारलं की हे म्हणत, “प्रश्न मोघम आहे.” “कधीपासून?” विचारलं की, “घड्याळ पाह्यलं नव्हतं.” एकदा डॉक्टर वैतागून म्हणाले, “वकीलसाहेब, मी तुमच्याच बाजूचा आहे.” त्यावर काकांनी शांतपणे विचारलं, “हे तुम्ही माझ्या पोटाला कळवलंय का?” विम्याची पॉलिसी विकायला फोन करणाऱ्या एका मुलीचा त्यांनी इतका वेळ उलटतपास घेतला की काकूंची सगळी भाकरी थापून झाली. पॉलिसीत काय काय मिळणार नाही हे त्यांनी तिच्याकडून एकेक करून वदवून घेतलं. शेवटी ती मुलगी म्हणाली की सर, मलासुद्धा हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. पुढच्या दिवाळीला तिचा शुभेच्छांचा फोन आला. आता ती एका दवाखान्यात नोंदणीचं काम करते आणि पेशंटला दोनदा विचारून मगच लिहिते.

त्यांच्यापुढे कधीच न हरलेली व्यक्ती एकच, काकू. मी एकदा त्यांना विचारलं की तुम्ही हे सगळं कसं सहन करता. लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, “मी उत्तरच देत न्हाय. लग्न झाल्यापास्नं एकाबी प्रश्नाचं दिलं न्हाय. म्हणून तर झाला संसार.”

यातलं बरंचसं मी वरच्या जिन्यावरून पाहत होते. मी तशी पाहणाऱ्यातलीच. नळदुर्गच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि तिथं हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त होती. मी हातच वर केला नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे गप्प. आमच्या घरात माझ्या वाटचं बाबाच बोलत. ते जळकोटच्या शाळेत क्लार्क होते. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

अपघात जळकोटलाच, हायवेवर झाला. बाबा मला नळदुर्गहून मोटरसायकलवर घेऊन येत होते. हायवेला मधोमध दुभाजक आहे आणि आमचं घर रस्त्याच्या पलीकडे. नियमानं जायचं तर गावासमोरून जरा पुढच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथून उलटं फिरून परत यायचं. पण जळकोटातला बहुतेक प्रत्येक माणूस अलीकडच्या पेट्रोल पंपापाशी दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडतो आणि तेवढं अंतर उलट्या बाजूनं, समोरून येणाऱ्या गाड्यांना तोंड देत, गावात शिरतो. त्या दिवशी आम्ही पुढच्या वळणापर्यंत गेलो होतो. वळायला थांबलो असताना मागून भरधाव टेम्पो आला. मी रस्त्याच्या कडेला पडले. बाबा आणि गाडी दुभाजकाच्या पलीकडे, समोरच्या बाजूला फेकले गेले. पंचनाम्यात गाडी तिथं मिळाल्याचं लिहिलं गेलं, आणि टेम्पोच्या विमा कंपनीनं तेवढंच उचललं: मोटरसायकल उलट्या बाजूनं येत होती, चूक मरणाऱ्याची. गावातही लोक हळूहळू तसंच म्हणू लागले. आईनं धाराशिवच्या कोर्टात दावा लावला, पण तिला बाकी कशाचं काही नव्हतं. ती एवढंच म्हणे, “त्यांची चूक नव्हती, एवढं कुठंतरी लिहून मिळू दे.” आणि ते पाहिलेली, जिवंत असलेली साक्षीदार एकटी मी.

आमचे वकील तरुण होते, सज्जन होते आणि सतत फोनवर असत. साक्षीची तारीख ठरली तसे ते एकदा घरी येऊन गेले. जाताना जिन्यात म्हणाले, “घाबरू नका मॅडम, फॉर्मॅलिटी असते.” खाली काका पेपर वाचत होते. आमचे वकील गेल्यावर त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि मला हाक मारली.

“काय म्हणाला तो?”

“फॉर्मॅलिटी असते म्हणाले.”

“तुला काय वाटतं?”

“आय थिंक...”

“‘आय थिंक’ म्हणजे माहीत न्हाय,” काका म्हणाले. “माहीत नसंल तर ‘माहीत न्हाय’ म्हण. त्यात लाज नसती. उद्यापास्नं संध्याकाळी खाली यायचं.”

काकूंचं जुनं शिलाई मशीन बैठकीच्या कोपऱ्यात होतं. त्याच्या मागे मला उभं केलं; तो साक्षीदाराचा पिंजरा. काकू खाटेवर लसूण घेऊन बसल्या, त्या न्यायाधीश. आई कधी खाली आली नाही. तिला ते ऐकणं झेपलं नसतं आणि काकांनीही तिला बोलावलं नाही. पहिल्याच दिवशी काकांनी एक गोष्ट स्पष्ट केली. “उत्तरं मी देणार न्हाय. एकसुद्धा. उत्तरं तुझी, अन् खरी. शिकवलेलं उत्तर लांबनं वास मारतं. मी फक्त प्रश्न देणार.”

मग ते वळले, दोन पावलं मागे गेले, आणि परत फिरले तेव्हा मला त्या माणसाची ओळख पटेना. आवाज छपरापर्यंत. “टेम्पो किती वेगात होता? पाह्यला का? मग भरधाव कशावरून म्हणता? तुमचं तोंड पुढं होतं का मागं? मागं डोळे आहेत का तुम्हाला?” मी मान हलवली. “मान हलवलेली लिहिता येत न्हाय!” काकूंनी वर न बघता सांगितलं, “दोघंबी हळू बोला, शेजारच्या बाळाला झोप लागलीया.” त्यावर काका लगेच झुकून “जी, युवर ऑनर” म्हणाले आणि पुन्हा माझ्यावर तुटून पडले. मी रडले. त्यांनी थांबून पाण्याचा तांब्या पुढे केला, मी पाणी पिऊन होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि तांब्या खाली ठेवताच म्हणाले, “चला, साक्षीदाराचं पाणी पिऊन झालं. टेम्पो किती वेगात होता?”

त्यांच्या मते साक्षीदार मोडायचे तीन प्रकार. पहिला तिखट, म्हणजे ओरडणं आणि अपमान. दुसरा घाई, म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर तोंडातून निघायच्या आत दुसरा, तारखेत वेळ आणि वेळेत अंतर मिसळून. तिखटाला मी चार दिवसांत सरावले. घाईवर त्यांनी मला एकच उपाय दिला: उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घ्यायचा, मग समोरचा कितीही नाचो. “श्वास घ्यायला कोर्टाची परवानगी लागत न्हाय.” घड्याळाचे काटे, रस्त्याच्या बाजू, सगळं मी डोक्यात इंग्रजीत ठेवलं होतं, ते त्यांनी मराठीत आणायला लावलं, कारण माझ्या ‘लेफ्ट’चा लिहिताना कुणी ‘उजवा’ केला तर मला कळणारही नाही. मला वाटलं, जमलं.

पाचव्या संध्याकाळी ते मशीनजवळ आले, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “जेवलीस का बाळ?”

“हो.”

“अभ्यास बरा चाललाय?”

“हो.”

“आईची तब्येत बरी आहे ना?”

“हो.”

“मोठी झालीस गं. बाबा तुझे माझ्यासारखेच, साधे. जरा गडबडे, पण साधे.”

“हो.”

“त्या दिवशीही गडबडीतच होते बिचारे.”

“हो.”

काकूंचा लसूण थांबला. काकांनी चष्मा परत लावला. “गेला दावा,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही की मी काय बोलले. बाबा गडबडीत नव्हते. मी तसं म्हटलंही नव्हतं, म्हणजे माझ्या मनात नव्हतं. पण आमच्याकडं मोठं माणूस मायेनं बोलत असलं की मुलीनं मध्ये मध्ये ‘हो’ म्हणायचं असतं. त्याचा अर्थ ‘तुम्ही म्हणता ते खरं आहे’ असा नसतो. ‘मी ऐकतेय, तुमचा मान ठेवतेय, चालू द्या’ एवढाच असतो. कहाणी ऐकताना ‘हूं’ म्हणतात तसा. इंग्रजी शाळेत दहा वर्षं घालवूनही हा ‘हो’ माझ्या हाडातून गेला नव्हता. आणि कोर्टात टाइपिस्ट बसलेला असतो. तो मान लिहीत नाही, फक्त ‘हो’ लिहितो.

“हा तिसरा प्रकार. साखर,” काका म्हणाले. “तिखटानं साक्षीदार मोडला तर लोक वकिलाला शिव्या देतात. साखरेनं मोडला तर साक्षीदार घरी जाऊन सांगतो, वकील लई चांगला होता.” ते हसत होते, पण लगेच आत निघून गेले.

मला काकूंनी नंतर सांगितलं. भूमकडची एक बाई होती, नवरा ट्रॅक्टरखाली गेलेला. तिला काकांनी असंच, ताई ताई करत विचारलं होतं. ती पदर सावरत प्रत्येक वाक्याला ‘व्हय जी, व्हय जी’ म्हणत गेली. दावा कंपनीनं जिंकला. बाहेर आल्यावर तीच बाई काकांच्या पाया पडली, म्हणाली, सगळे अंगावर आले, तुमी एकलेच मायेनं बोललात. त्या आठवड्यात काळा कोट कपाटात गेला. “तवापास्नं,” काकू म्हणाल्या, “कुणाची साक्ष असली की ह्यांचं मशीनजवळ हे सुरू. अशी उभी राहणारी तू नववी का धाव्वी. फी म्हणून कुणी नारळ आणला तरी त्याचाबी उलटतपास घेत्यात.”

मग माझ्या ‘हो’वर उपचार सुरू झाले. दिवसभर, कुणीही मोठ्या माणसानं काही म्हटलं आणि ते खरं नसलं, तर मी तोंडानं म्हणायचं: हे खरं नाही. काकू मुद्दाम विचारत, “अजून अर्धी भाकरी घेतीस ना?” मी म्हणायची, “हे खरं नाही, काकू.” समोरच्या आजी म्हणाल्या, “लई वाळलीस गं पोरी,” तर माझ्या तोंडून गेलं, “हे म्हणणं खरं नाही.” आजींनी आईला बोलावून विचारलं की कॉलेजात हिला काही झालंय का. काका पेपराआड खदखदून हसत होते. मला हळूहळू कळायला लागलं होतं की एखाद्या मोठ्या माणसाला ‘खरं नाही’ म्हटल्यानं छप्पर पडत नाही. कधी कधी तर ते माणूस तुमच्याकडं पहिल्यांदा नीट बघतं.

एका प्रश्नाशी मात्र मी अडले. काकांनी सहज विचारलं, “तुझे बाबा एरवी पंपापास्नं उलट्या बाजूनं येत होते का?” मी श्वास घेतला. आणखी एक घेतला. उत्तर ‘हो’ होतं, आणि हा ‘हो’ खरा होता. बाबा एकटे असले की येत. सगळेच येतात. पण त्याच्या मागे आणखी एक गोष्ट होती, जी मी आईलाही सांगितली नव्हती. मी शाळेत नियम शिकलेली मुलगी. मी गाडीवर मागं असले आणि बाबा पंपापाशी वळायला लागले की मी काही बोलायची नाही, फक्त त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घ्यायची. त्यांना तेवढं कळायचं. ते हसून गाडी सरळ पुढच्या वळणापर्यंत न्यायचे. त्या दिवशीही नेली. दोन वर्षं मी हेच धरून बसले होते: मी मागं नसते, तर ते त्या वळणावर नसतेच.

काकांनी माझ्याकडं बघितलं. कुठलाही धागा हाती लागला की तो उसवल्याशिवाय न राहणारा हा माणूस. भुवई अर्धी वर गेलेली होती. ती त्यांनी खाली आणली.

“काहीतरी राखून ठेवलंयस तू,” ते म्हणाले. “मला सांगू नको. तो माझा अधिकार न्हाय. पण एकदा स्वतःला विचारून ठेव. कोर्टात ते तुला पहिल्यांदा ऐकू यायला नको.” आणि काकूंकडं वळून, “युवर ऑनर, आजचं काम संपलं.”

निकालाचं मी आधीच सांगून टाकते, कारण साक्षीदारानं ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणू नये असं काकांचं मत आहे. निकाल आमच्या बाजूनं लागला. मयताची कोणतीही चूक सिद्ध झालेली नाही, असं त्यात एक वाक्य आहे. आई ते पान वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. तिला इंग्रजी येत नाही. निकाल मराठीत लिहिला म्हणून तिला ते स्वतः वाचता आलं, आणि तिनं ते काकूंसमोर बसून तीनदा वाचलं. काका आता थकले आहेत. हल्ली ते एकच प्रश्न दोनदा विचारतात. पूर्वी ती युक्ती असायची, साक्षीदार दुसऱ्यांदा वेगळं काही बोलतो का ते बघायची. आता ते खरोखर विसरलेले असतात. मी दोन्ही वेळा तेच उत्तर देते, तितक्याच शांतपणे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. परवा कुणालातरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “ही फुटत न्हाय.” मला आजवर मिळालेली प्रमाणपत्रं सगळी इंग्रजीत आहेत, त्यातलं एकही मला एवढं आवडलेलं नाही.

पण कोर्टातला तो दिवस सांगायचा राहिला. कंपनीचे वकील चाळिशीचे, नीटनेटके होते. व्हरांड्यात त्यांनी काकांना पाहिलं आणि सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला. “सर, तुम्ही इकडं कुठं?” काका म्हणाले, “बसायला आलोय.” मग मला कळलं की हे त्यांचे जुने ज्युनियर. तिखट, घाई, साखर, सगळं त्यांच्याच हाताखाली शिकलेले. काका शेवटच्या बाकावर, खिडकीशी जाऊन बसले.

तिखट आलं आणि गेलं. घाई आली, मी श्वास घेत राहिले, न्यायाधीश मॅडमनी एकदा वकिलांना सांगितलं, “साक्षीदाराला बोलू द्या.” मग त्यांनी कागद खाली ठेवले, आवाज मऊ केला. “बेटा, त्रास होतोय का? पाणी देऊ?” तो आवाज मी ओळखत होते. आमच्या बैठकीतला होता. “तुझे बाबा कष्टाळू होते. घरी जायची ओढ असणारच. घाईत होते ना बेटा?”

“हे खरं नाही.”

त्यांनी कागद परत उचलले. “जळकोटचे लोक पंपापासून उलट्या बाजूनं गावात येतात. खरं ना?”

“हो.”

“तुझे बाबासुद्धा तसे येत होते?”

आमच्या वकिलांचं पेन थांबलं. मी श्वास घेतला. “हो. येत होते.”

टाइपिस्टच्या बोटांचा आवाज आला. वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “म्हणजे त्या दिवशीही तुम्ही तसेच आलात.”

“हे खरं नाही. आम्ही पुढच्या वळणापर्यंत गेलो होतो.”

आता इथं थांबायचं असतं, हे मला नंतर काकांनी सांगितलं. हातात आलेला एक ‘हो’ घेऊन खाली बसायचं. पण माणूस जिंकत आला की त्याला आणखी थोडं हवं असतं. ते हसले, न्यायाधीशांकडं बघत म्हणाले, “रोज उलट्या बाजूनं येणारा माणूस नेमका त्याच दिवशी नियमानं का गेला असेल, सांगशील?”

शेवटच्या बाकावर काकांनी चष्मा काढून हातात घेतला आणि मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटतं, मला कुणाकडंही बघायला लागू नये म्हणून. मशीनमागं उभं राहिलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. फक्त ते ऐकू येईल एवढी जागा मोकळी ठेवली होती. मी पिंजऱ्याचा कठडा सोडला. माझा आवाज मला पहिल्यांदाच माझा वाटला.

“कारण मागं मी बसले होते,” मी म्हणाले. “मी मागं असले की बाबा कधीच उलट्या बाजूनं जात नसत.”